गंगादीनची मशक

शहापूर तालुक्यात वाढलेल्या पोराला पाणी म्हटलं की नळ आठवतो, पण तो घरातला नव्हे. तानसाच्या धरणापासून निघून रानातून, भाताच्या खाचरांच्या कडेकडेने, भिवंडीच्या अंगाने मुंबईकडे गेलेला, माणसाच्या उंचीचा लोखंडी नळ. लहानपणी त्याला कान लावला की आतला घुमारा ऐकू यायचा. तानसाचं धरण 1892 साली पुरं झालं. पुढे वैतरणा आली, भातसा आली. मुंबई आमचं पाणी पिऊन वाढली हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या वाड्यांमध्ये होळी उलटली की बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात, टँकरची वाट बघत बसतात, हेही आम्ही बघतच वाढलो.

म्हणून 1939 सालचा 'गंगादीन' हा अमेरिकन चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी नजर तिघा गोऱ्या नायकांवर ठरेना. ती खांद्यावर मशक घेऊन त्यांच्यामागे पळणाऱ्या भिस्त्यावर खिळली. कमरेला मळकं फडकं, डोक्याला मुंडासं, उघडं अंग. सगळे त्याच्याकडे पाणी मागतात आणि त्याला स्वतःला एकच तहान असते: गोऱ्यांच्या पलटणीत शिपाई होण्याची. या माणसाचं चित्र काढणाऱ्या कंपनीला मुंबईने जाब विचारला होता. तो जाब विचारणाऱ्यांत सगळ्यात पुढे होता आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातला एक माणूस. ती गोष्ट सांगितली पाहिजे, आणि तो जाब जिथे विचारायचा राहून गेला ती जागाही दाखवली पाहिजे.

गंगादीन हा मूळचा रुडयार्ड किपलिंगच्या कवितेतला. किपलिंग मुंबईतच जन्मला, 30 डिसेंबर 1865 रोजी, जे. जे. कला शाळेच्या आवारात. त्याचे वडील तिथे शिकवायचे. कवितेत एक गोरा सोजीर आपल्या भिस्त्याला शिव्या घालतो, मारहाण करतो आणि शेवटी कबूल करतो की तो माझ्याहून चांगला माणूस होता. हॉलिवूडच्या आर. के. ओ. कंपनीने या छोट्या कवितेभोवती सुमारे 19 लाख डॉलर खर्चून चित्रपट उभा केला. तोवरचा तो त्या कंपनीचा सर्वांत महागडा चित्रपट. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स. नायक कॅरी ग्रँट, व्हिक्टर मॅकलॅग्लन आणि डग्लस फेअरबँक्स धाकटा. हिंदुस्थान उभा केला तो कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाजवळच्या खडकाळ टेकड्यांमध्ये. गंगादीन झाला सॅम जॅफी हा न्यूयॉर्कचा सत्तेचाळीस वर्षांचा नट, अंगाला तपकिरी रंग फासून. कंपनीला आधी म्हैसूरकडचा, माहुताचा मुलगा साबू हवा होता. पण तो लंडनच्या अलेक्झांडर कोर्डाच्या कंपनीशी बांधलेला होता आणि कोर्डा त्याला सोडायला तयार नव्हता.

'गंगादीन'च्या वर्षभर आधी मुंबईत जे घडलं ते या कोर्डाच्याच चित्रपटावरून. त्याच्या लंडन फिल्म्सने 1938 साली 'द ड्रम' काढला. रंगीत, झगझगीत, काही भाग थेट चित्रालच्या डोंगरात जाऊन चित्रित केलेला. गोष्ट सरहद्दीवरच्या एका संस्थानाची. गूल नावाचा पठाण राजा इंग्रजांशी गोड बोलतो आणि त्यांना मेजवानीला बोलावून कापून काढायचा बेत करतो. साबूने केलेला छोटा राजपुत्र अझीम ढोल वाजवून इंग्रजांना सावध करतो. म्हणजे हिंदी माणसाचे दोनच नमुने: पाठीत सुरा खुपसणारा, नाहीतर गोऱ्यांसाठी ढोल बडवणारा. तिसरा नमुना त्या पडद्यावर नव्हता.

काळ कोणता होता तेही ध्यानात घ्यायला हवं. 1937 च्या जुलैपासून मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं, गृहखातं कन्हैयालाल मुनशींकडे. मर्यादित का होईना, सत्ता पहिल्यांदाच आपल्या माणसांच्या हाती आली होती. त्याच 1938 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एम. जी. एम. कंपनीने धोबीतलावाजवळ मेट्रो थिएटर सुरू केलं. परदेशी कंपन्यांना इथला प्रेक्षक हवा होता, आणि त्याच प्रेक्षकाला पडद्यावर दगलबाज दाखवताना त्यांना काही वाटत नव्हतं. यापूर्वीही असले चित्रपट येऊन गेले होते. पॅरामाउंटचा 'लाइव्ह्ज ऑफ अ बेंगॉल लान्सर' तर 1935 सालीच आला होता. 'द ड्रम'च्या वेळी मात्र मुंबईकर रस्त्यावर उतरले. पठाणांना आणि मुसलमानांना ज्या रंगात रंगवलं होतं त्याने मुस्लीम तरुण विशेष खवळले होते. पण निषेध एका जमातीपुरता राहिला नाही. थिएटरसमोर निदर्शनं झाली, पोलीस आले आणि अखेर चित्रपट काढून घ्यावा लागला.

तिकीट काढून बसणाऱ्या माणसालाही पडद्याशी हुज्जत घालण्याचा हक्क आहे, हे या शहराने असं ठणकावून सांगितलं, ते मला फार मोलाचं वाटतं. त्याचा हादरा लंडनपर्यंत पोचला. 1857 च्या लखनौच्या वेढ्यावर चित्रपट काढण्याचा बेत त्याच सुमारास विलायतेत चालला होता. सरकारदरबारातून नापसंती कळल्यावर तो गुंडाळावा लागला.

आता त्या ठाणेकराकडे वळतो. पालघरजवळ सूर्या नदीकाठी मासवण नावाचं गाव आहे. हल्ली ते पालघर जिल्ह्यात येतं, पण 2014 पर्यंत तोही ठाणे जिल्हाच. तिथे 1904 साली बाबा पाटील नावाचा मुलगा जन्मला. मॅट्रिकही न होता शाळा सोडलेला हा पोरगा सिनेमाच्या धंद्यात शिरला, पाटीलचा पटेल झाला, दोन-चार चित्रपट दिग्दर्शित केले आणि 1935 साली त्याने मुंबईत 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक काढलं. बाबूराव पटेल हे नाव पुढची पंचवीस वर्षं स्टुडिओंच्या मालकांची झोप उडवत राहिलं. एस. एम. पंडितांनी रंगवलेली मुखपृष्ठं, पानपानभर जाहिराती, आणि आत बाबूरावांची परीक्षणं: एका वाक्यात चित्रपट उचलायचा नाहीतर आपटायचा. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरं लोक चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचायचे. सआदत हसन मंटोने त्यांच्यावर व्यक्तिचित्र लिहिलं, त्यात जिभेने जाळणारा आणि मनाने हळवा असा हा माणूस दिसतो.

शाळा सोडलेल्या माणसाने इंग्रजीतच का लिहिलं असेल? मला वाटतं, ज्याच्याशी भांडायचं त्याला कळेल अशा भाषेत भांडावं एवढा सरळ हिशेब त्यामागे होता. हिंदुस्थानची बदनामी करणाऱ्या परदेशी चित्रपटांवर बाबूरावांनी 'फिल्मइंडिया'तून मोहीमच उघडली. त्यांचा मुद्दा व्यापाऱ्याला समजेल असा होता. इथे तिकिटं विकून पैसा नेता, मग इथल्या माणसाला जगभर रानटी म्हणून कसं दाखवता? आणि दाखवणार असाल तर आमच्या थिएटरांची दारं तुम्हाला उघडी का ठेवावीत? ख्वाजा अहमद अब्बास तेव्हा तरुण पत्रकार होते. 'गंगादीन'विरुद्ध त्यांनीही याच मासिकात सडेतोड लिहिलं.

बाबूरावांना देव्हाऱ्यात बसवायचा माझा विचार नाही. नट्यांबद्दल त्यांनी जे लिहिलं त्यातलं बरंचसं आज वाचवत नाही. उतारवयात त्यांचं राजकारणही कडवट होत गेलं. 1967 साली ते जनसंघाचे खासदार झाले. पण 1938-39 साली या माणसाने जो प्रश्न विचारला तो नेमका होता. गोष्ट कुणाची, सांगतो कोण आणि पैसा कुणाच्या खिशात जातो?

'गंगादीन'ची गोष्ट ठगांची आहे. तंत्रापूर नावाचं एक कल्पित ठाणं ओस पडलेलं सापडतं. शोध घेता घेता तीन सार्जंट डोंगरातल्या एका सोन्याच्या कळसाच्या देवळापाशी येतात. तिथे कालीपुढे शेकडो ठग जमलेले असतात आणि त्यांचा गुरू त्यांना मारायची दीक्षा देत असतो. हा गुरू कसा दिसतो? मुंडण केलेलं डोकं, उघडे खांदे, कमरेला पांढरं वस्त्र. 1939 साली जगातल्या कुठल्याही वर्तमानपत्रात असं रूप दिसलं तर माणसाला एकच नाव आठवत होतं. चित्रपटाने ते नाव घेतलेलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

आणि या गुरूच्या तोंडी लेखकांनी एक भाषण घातलं आहे. तुम्ही तुमच्या देशासाठी मरता तसा मीही माझ्या देशासाठी मरू शकतो, अशा अर्थाचं. एवढं बोलून, आपल्याला ओलीस धरून शत्रूने फायदा उठवू नये म्हणून, तो स्वतःला सापांच्या खड्ड्यात झोकून देतो. याच प्रसंगात गोरा नायक असता तर ते हौतात्म्य ठरलं असतं. इथे ते माथेफिरूपण ठरतं. त्याच्यासमोर उभा आहे गंगादीन, जो संगिनीने भोसकला गेलेला असताना कळसावर चढतो, बिगूल वाजवून इंग्रजी फौजेला सावध करतो आणि पडतो. मेल्यावर त्याला कॉर्पोरल करतात. शेवटच्या दृश्यात त्याचा आत्मा गोऱ्यांच्या गणवेशात सलाम ठोकत हसताना दिसतो. देशासाठी मरणारा ठग आणि परक्यासाठी मरणारा सज्जन. या वाटणीत चित्रपटाची सगळी कला खर्ची पडली आहे, आणि कला आहे हे नाकारता येत नाही. लढाया चित्तथरारक आहेत, विनोद आजही हसवतो. म्हणूनच तो जास्त खोल रुजतो.

ठग हा शब्दही निरागस नाही. 1830 च्या दशकात स्लीमन या अधिकाऱ्याने ठगांच्या बंदोबस्ताचं खातं चालवलं. 1836 च्या कायद्याने नुसतं ठगांच्या टोळीत असणं हाच जन्मठेपेचा गुन्हा झाला. प्रत्यक्ष काय केलं ते वेगळं सिद्ध करण्याची गरज उरली नाही. त्याच वाटेने पुढे 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि जन्मावरून माणूस चोर ठरू लागला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली सेटलमेंट त्याच कायद्याची. 1952 साली तो रद्द झाला. पडद्यावरचा ठग हा त्या कायद्याचाच भाऊबंद आहे.

एक बारकी गोष्ट मला नेहमी खटकते. चित्रपटात किपलिंग नावाचा एक वार्ताहर दाखवला होता, शेवटी कविता लिहिताना. किपलिंग 1936 साली वारला होता, पण त्याच्या घरच्यांना हे चित्रण रुचलं नाही. त्यांनी आक्षेप घेतला आणि कंपनीने प्रदर्शनानंतर तो भाग गाळला, एका दृश्यात तर किपलिंगची आकृती गाडीआड झाकून टाकली. एका कुटुंबाच्या भावनेसाठी तयार चित्रपटाला कात्री लागू शकते, हे कंपनीला ठाऊक होतं. चाळीस कोटींच्या देशासाठी ती कात्री निघाली नाही.

मग मुंबई आणि बंगाल प्रांतांत 'गंगादीन'वर बंदी आली. निषेध करणाऱ्यांचा विजय झाला, आणि पुढच्या काही अमेरिकन चित्रपटांचा सूर जरा सावध झाला. त्याच वर्षी आलेल्या 'द रेन्स केम'मध्ये हिंदी डॉक्टर शूर आणि सुसंस्कृत दाखवला आहे, अर्थात टायरन पॉवर या गोऱ्या नटाला रंगवूनच. 1939 च्या नोव्हेंबरात काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, महायुद्ध सुरू झालेलंच होतं, आणि हा विषय मागे पडला.

ही बंदी ज्या 1918 च्या कायद्याने आली त्याची आधीची कामगिरी मात्र आठवायला हवी. प्रांतोप्रांतीची सेन्सॉर मंडळं याच कायद्याखाली उभी राहिली. मुंबईच्या मंडळावर अध्यक्ष म्हणून पोलीस कमिशनर. 1921 साली कोहिनूर कंपनीच्या 'भक्त विदुर'वर मद्रास आणि कराचीत बंदी आली, कारण विदुराच्या अंगावर खादी आणि डोक्यावर टोपी होती, आणि तो गांधींसारखा दिसत होता. 1935 साली प्रभातने संत एकनाथांवर चित्रपट काढला, बालगंधर्वांना घेऊन. नाव होतं 'महात्मा'. अस्पृश्यांना पंगतीला बसवणाऱ्या नाथांना महात्मा म्हणणं सरकारला झेपेना, म्हणून 'धर्मात्मा' करावं लागलं. गांधींची छाया संतावर पडली तर ती पुसायची, आणि विलायती चित्रपटात ती खुन्यावर पडली तर पडू द्यायची, असा तो कारभार. 1939 साली ते हत्यार आपल्या बाजूने चाललं म्हणून ते आपलं झालं असं मला वाटत नाही. बंदीने पडदा रिकामा होतो. त्यावर दुसरं, खरं चित्र कुणीतरी काढावं लागतं.

खरं चित्र होतं कुठे? आमच्याच डोंगरात होतं.

'गंगादीन'मधल्या त्या टेकड्या पाहताना मला सिद्धगड दिसतो, गोरखगड दिसतो, माहुलीचे सुळके दिसतात. मुरबाडहून नाणेघाटाकडे जाताना उजव्या-डाव्या हाताला जी भिंत उभी राहते तिच्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी पिढ्यान्‌पिढ्या राहिले. घाटावरच्या अकोले भागातला राघोजी भांगरे हा महादेव कोळी तरुण 1830-40 च्या दशकांत सावकार आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध उठला. घाटाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे त्याचा वावर. इंग्रजी कागदपत्रांत तो दरोडेखोर आहे. तो पंढरपुरात पकडला गेला आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. कंपनी सरकारच्या दफ्तरातला दरोडेखोर आणि आर. के. ओ. कंपनीच्या पडद्यावरचा ठग, दोघांची व्याख्या एकाच टाकाने लिहिलेली आहे.

आणि 'गंगादीन' मुंबईत बंद झाला त्याला चार वर्षं व्हायच्या आत सिद्धगडावर काय घडलं ते बघा. माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, लोकांचे भाई, वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले, आदिवासी-शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्यकोठ्या काढल्या. 1942 च्या लढ्यात त्यांनी आझाद दस्ता उभारला. मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे दस्त्याने एकामागून एक पाडले. गिरण्या आणि रेल्वे यांना त्याची झळ बसली. मुंबईला पाणीही डोंगरातून, वीजही डोंगरातून. ती तोडली की राज्य हलतं हे या माणसांना बरोबर कळलं होतं. फितुरी झाली. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच गोळ्यांनी पडले. दरवर्षी 2 जानेवारीला पहाटेच्या थंडीत लोक अजून तिथे चालत जातात. वाट अंधारी असते, बोरवाडीपासून पुढे पायांखाली दगड घरंगळतात, आणि हुतात्मा स्मारकापाशी पोचेपर्यंत बोलायचं भान कुणाला राहत नाही.

हे नाट्य कुठल्याही पटकथेला पुरून उरणारं होतं. डोंगर, पहाट, फितूर, गोळीबार, सगळं होतं. पण भाई कोतवालांवर मोठ्या पडद्यावर मराठी चित्रपट यायला 2020 साल उजाडलं. मधल्या सत्याहत्तर वर्षांत आपल्या चित्रपट कंपन्यांनी या डोंगरातली माणसं दाखवलीच नाहीत असं नाही. कशी दाखवली, हा प्रश्न आहे, आणि इथे मला 'फिल्मइंडिया'तला तो प्रश्न आपल्याच दारात आणून ठेवावासा वाटतो.

मुरबाड तालुक्यातल्या म्हसे गावी पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची मोठी जत्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्या, तमाशाचे फड, आणि माझ्या लहानपणी तंबूतला सिनेमा. एका वर्षी मी तिथे एक हिंदी चित्रपट पाहिला. नाव आठवत नाही, आठवतो तो नाच. जंगलात वाट चुकलेल्या नायक-नायिकेला आदिवासी पकडतात. पानांचे घागरे, डोक्यात पिसं, तोंडाला पांढरे पट्टे, हातात भाले, आणि अर्थ नसलेल्या आरोळ्या. तंबूत सगळे हसत होते, मीही हसत होतो. माझ्या शेजारी जमिनीवर आमच्या ओळखीचे एक ठाकर आजोबा बसले होते. कोपरापर्यंत बाह्यांची बंडी, डोक्याला टापशी, खांद्यावर घोंगडी. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "ही माणसं कुठली रं, पोरा?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. मला उत्तर देता आलं नाही.

ठाकरांचा नाच त्या आजोबांच्या वाडीत मी नंतर अनेकदा पाहिला. ढोलाभोवती एकमेकांना धरून फेर, पावलांचा कडक हिशेब, फेर उलटा फिरतो तेव्हा ढोलक्याच्या नुसत्या मानेच्या इशाऱ्याने वीस माणसं एकदम वळतात. त्यात रानटी काही शोधूनही सापडणार नाही. इथली माणसं नीट बघायची ठरवली तर बघता येत होती, याचा पुरावाही शेजारीच होता. न्यायाधीशपदावरून निवृत्त झालेल्या ना. गो. चापेकरांनी 1933 साली 'आमचा गांव बदलापूर' लिहिला. मुरबाडच्या शेजारच्या त्या एका गावातले घराघरांतले रिवाज, शेती, खाणंपिणं, कर्ज, सगळं त्यांनी चौकशी करून नोंदलं. चित्रपट कंपन्यांकडे त्यांच्या शंभरपट पैसा होता, पण ती चौकशी त्यांनी केली नाही.

अपवाद आहेत, आणि त्यांत 'जैत रे जैत' मला फार जवळचा. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेलांनी 1977 साली हा चित्रपट केला, निर्माती उषा मंगेशकर, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. ठाकरवाडीतला नाग्या राणीमाशीचा सूड घ्यायला लिंगोबाच्या डोंगराला भिडतो. इथे ठाकर माणूस कुणा शहरी नायकाची वाट अडवायला आलेला नाही. गोष्ट त्याची आहे, देव त्याचा आहे, डोंगराशी भांडणही त्याचंच. या चित्रपटाने आमच्याकडच्या माणसांना ताठ मान दिली असं मी मनापासून म्हणेन. तरी नाग्या झाले डॉ. मोहन आगाशे आणि चिंधी झाली स्मिता पाटील. दोघांनी जीव ओतला यात शंका नाही. पण सॅम जॅफीला तपकिरी रंग का फासला हे विचारणाऱ्याने, एखाद्या ठाकर मुलीला चिंधी का होता आलं नाही, हेही विचारायला हवं. बाबूरावांनी आणि त्यांच्या पिढीने हा दुसरा प्रश्न विचारला नाही. देश एक आहे हे सांगण्याच्या घाईत देशाच्या आतली उतरंड त्यांच्या नजरेतून निसटली.

हॉलिवूडने तर ठग सोडलाच नाही. 1984 साली स्टीव्हन स्पीलबर्ग आणि जॉर्ज लुकास यांनी 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' काढला. पुन्हा काली, पुन्हा डोंगराच्या पोटातलं देऊळ, पुन्हा नरबळी. भारत सरकारने संहितेला हरकत घेतली आणि कंपनीने चित्रीकरण श्रीलंकेत कँडीला नेलं. काही काळ तो इथे दाखवायलाही बंदी होती. त्यातला मोलाराम झाले अमरीश पुरी, सत्यदेव दुबे यांच्या तालमीत तयार झालेले मुंबईच्या रंगभूमीचे नट. या वेळी गोऱ्याला रंग फासावा लागला नाही, एवढाच पंचेचाळीस वर्षांतला फरक. लुकासची कंपनी 2012 साली डिस्नेने विकत घेतली. 2019 साली स्टार समूह त्याच डिस्नेच्या हाती आला, आणि आमच्या गावातल्या ओसरीवर रात्री ज्या वाहिनीवरच्या मराठी मालिका चालतात तीही त्यात आली. पुढे 2024 साली रिलायन्सबरोबर भागीदारी झाली. आपल्या काही जुन्या चित्रपटांत इतर संस्कृतींचं चुकीचं चित्रण आहे, अशी पाटी डिस्नेने 2020 पासून त्या चित्रपटांच्या सुरुवातीला लावली. पाटी लावली हे चांगलंच केलं. 'गंगादीन' तर अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने 1999 सालीच जपून ठेवायच्या चित्रपटांच्या यादीत घेतला आहे. तोही जपावा. फक्त त्याच्या शेजारी मुंबईने त्याला विचारलेला जाबही जपला जावा, कारण त्या चित्रपटाच्या इतिहासात आम्हीही आहोत.

दोन उन्हाळ्यांपूर्वी तानसाच्या बाजूला एका वाडीत एका मालिकेचं युनिट आलं होतं. पाणीटंचाईचं दृश्य हवं होतं. जनरेटरची गाडी, छत्र्या, पाण्याच्या बाटल्यांचे खोके. वाडीतल्या बायकांना रोज ठरवून रांगेत उभं केलं होतं, डोक्यावर रिकामे हंडे देऊन. एक पोरगा धावत आला आणि पहिल्या बाईला म्हणाला, मावशी, चप्पल काढा, अनवाणी चांगलं दिसतं. ती थांबली. पायातल्या प्लास्टिकच्या निळ्या चपलेकडे तिने पाहिलं, मग त्याच्या बुटांकडे.

"कशाला काढू? काटं मना लागतात, तुमाना नाय."

हंडा तिने काखेत घेतला आणि ती नळाच्या कडेकडेने आपल्या वाटेने वर चढू लागली. तिच्यामागे बाकीच्या.